अमेरिका जिंकली म्हणून ब्राझील वाचला: लंडन २०१२, ब गटाची शेवटची फेरी

लंडन ऑलिम्पिकच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये ५ ऑगस्ट २०१२ रोजी ब गटाची शेवटची फेरी होती. अमेरिकेने आधीच्या चारही मॅच जिंकल्या होत्या आणि गटातला तिचा पहिला नंबर पक्का झाला होता. समोर होता तुर्कस्तान. मॅच हरली असती तरी अमेरिकेचं काही बिघडणार नव्हतं. उलट फायदाच दिसत होता, कारण चार वर्षांपूर्वी बीजिंगच्या फायनलमध्ये तिला हरवणारा ब्राझील त्या पराभवामुळे स्पर्धेबाहेर जाण्याची शक्यता होती. अमेरिका ३-० जिंकली. ब्राझील गटात चौथा येऊन कसाबसा पुढे सरकला. सहा दिवसांनी त्याच ब्राझीलने फायनलमध्ये अमेरिकेला ३-१ हरवून सुवर्णपदक नेलं.

खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगायला फार सोयीची आहे, आणि तशी ती सांगितलीही जाते. मला त्यात अर्धंच तथ्य वाटतं. अमेरिकेच्या मुली प्रामाणिकपणे खेळल्या हे खरंच. पण मुळात त्यांच्यासमोर असा पेच उभा का राहिला, हे शोधायला गेलं की खेळाडू बाजूला राहतात आणि गुणतक्ता समोर येतो.

गुण मोजायची पद्धत

स्पर्धेत १२ संघ होते, सहा-सहाचे दोन गट. अ गटात रशिया, इटली, जपान, डॉमिनिकन रिपब्लिक, यजमान ब्रिटन आणि अल्जेरिया. ब गटात अमेरिका, चीन, ब्राझील, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि सर्बिया. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर ब गट किती जड होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रत्येकाच्या पाच मॅच, आणि सहापैकी चार संघ उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे गटातून फक्त दोघांना घरी पाठवायचं होतं.

बीजिंगपर्यंत हिशोब सोपा होता: जिंकलात तर २ गुण, हरलात तर १. लंडनमध्ये ३-२-१-० ही पद्धत होती. ३-० किंवा ३-१ जिंकलात तर ३ गुण आणि हरणाऱ्याला शून्य. मॅच पाचव्या सेटपर्यंत गेली तर जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. हेतू चांगला होता. दोन सेट मागे पडलेल्या संघालाही लढत राहण्याचं कारण मिळतं आणि प्रेक्षकांचे पैसे वसूल होतात. पण लंडनच्या तक्त्यात क्रम लावताना आधी हे गुण पाहिले जात होते. किती मॅच जिंकल्या याला त्यापुढे मान नव्हता. सगळं पुढचं रामायण या एका ओळीतून घडलं.

ब्राझीलची घसरण

ब्राझील गतविजेता होता. प्रशिक्षक जोसे रॉबर्टो गिमारायश, ज्यांनी १९९२ मध्ये ब्राझीलच्या पुरुषांना आणि २००८ मध्ये महिलांना सुवर्ण मिळवून दिलं होतं. कर्णधार फाबियाना, तिच्या जोडीला मधली दुसरी ब्लॉकर थाइसा, उजवीकडून मारणारी शेइला, डावीकडे जॅकलिन आणि फर्नांडा गराय, मागे फक्त बचाव करणारी खेळाडू, म्हणजे लिबेरो, फाबी. कागदावर हा संघ कुणालाही जड होता. अमेरिका मात्र त्या काळात त्याच्या वरचढ झाली होती. २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड ग्रां प्री ही दरवर्षीची स्पर्धा अमेरिकेने जिंकली होती, आणि तिन्ही वेळा दुसरा नंबर ब्राझीलचाच होता.

२८ जुलैला पहिल्याच मॅचमध्ये तुर्कस्तानने ब्राझीलला पाच सेट खेळायला लावले. जिंकले, पण ३-२. म्हणजे तीनऐवजी दोनच गुण. ३० जुलैला अमेरिकेकडून १-३ हार. १ ऑगस्टला दक्षिण कोरियाने सरळ ०-३ लोळवलं. ती कोरियाची किम यॉन-क्यॉन्ग तेव्हा अशा भरात होती की संपूर्ण स्पर्धेत तिने २०७ गुण कमावले आणि चौथ्या क्रमांकाच्या संघात असूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. ३ ऑगस्टला ब्राझीलने चीनला हरवलं, तेही ३-२. पुन्हा दोनच गुण.

चार मॅचनंतर चित्र असं होतं:

| संघ | जिंकलेल्या मॅच | गुण |
|---|---|---|
| अमेरिका | ४ | १२ |
| चीन | २ | ७ |
| दक्षिण कोरिया | २ | ७ |
| तुर्कस्तान | २ | ६ |
| ब्राझील | २ | ४ |
| सर्बिया | ० | ० |

मधले चारही संघ दोन-दोन मॅच जिंकलेले. त्यातल्या तिघांच्या खात्यात सहा-सात गुण आणि ब्राझीलच्या खात्यात चार. कारण एकच: ब्राझीलचे दोन्ही विजय पाच सेटचे होते आणि दोन्ही पराभव पाचव्या सेटआधीचे.

शेवटच्या फेरीत अमेरिका-तुर्कस्तान, चीन-कोरिया आणि ब्राझील-सर्बिया. सर्बियाला एकही गुण मिळालेला नव्हता, त्यामुळे ब्राझील ३-० जिंकेल असं धरून चालू. तसंच झालं, आणि ब्राझील ७ वर पोचला. चीनने कोरियाला ३-२ हरवलं, म्हणून चीन ९ आणि कोरिया ८. आता तुर्कस्तानच्या सहाकडे बघा. तुर्कस्तान अमेरिकेविरुद्ध कसाही जिंकला असता, अगदी ३-२ सुद्धा, तर त्याचे किमान ८ गुण झाले असते आणि ७ गुणांवरचा ब्राझील पाचवा येऊन बाहेर पडला असता. तुर्कस्तान हरतानाही दोन सेट काढू शकला असता तर दोघांचे सात-सात झाले असते. अमेरिकेने त्याला एकही सेट दिला नाही. तुर्कस्तान सहावरच राहिला.

मॅच चालू असताना हे सगळं मैदानावर कुणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. प्रत्येक संघाबरोबर आकडेमोड करणारा माणूस असतो, लॅपटॉप असतो. आणि क्रिकेटच्या नेट रन रेटवर मोठे झालेले आपण तर ही गणितं चहा पितापिता करतो.

हाच तक्ता दुसऱ्या पद्धतीने

आता हाच तक्ता वेगळ्या क्रमाने लावून पाहू. गुण नंतर, आधी जिंकलेल्या मॅच.

शेवटच्या फेरीपूर्वी चीन, कोरिया, तुर्कस्तान आणि ब्राझील, चौघांच्याही दोन मॅच जिंकून झाल्या होत्या. चीन आणि कोरिया एकमेकांशीच खेळणार होते, म्हणजे त्यातला एक दोनवरच अडकणार हे नक्की. ब्राझीलने सर्बियाला हरवलं की त्याच्या तीन होणार. मग तीन किंवा जास्त मॅच जिंकलेले संघ किती उरतात? अमेरिका, ब्राझील, चीन-कोरियातला विजेता, आणि तुर्कस्तानने अमेरिकेला हरवलंच तर तुर्कस्तान. चारच. आणि पुढे जाणारेही चारच.

म्हणजे या पद्धतीत ब्राझीलचं नशीब पूर्णपणे ब्राझीलच्या हातात असतं. तुर्कस्तानविरुद्ध अमेरिका हरली काय आणि जिंकली काय, ब्राझीलला काही फरक पडला नसता. अमेरिकेसमोर मोह नाही, प्रश्न नाही, पत्रकारांना खाद्य नाही. ज्या ‘नैतिक कसोटी’चं एवढं कौतुक होतं, ती कसोटी क्रम लावण्याच्या एका नियमाने तयार केली होती.

प्रत्यक्षात अंतिम तक्ता असा लागला: अमेरिका १५, चीन ९, कोरिया ८, ब्राझील ७, तुर्कस्तान ६, सर्बिया ०. पाचपैकी दोन मॅच जिंकलेला कोरिया तिसरा, तीन जिंकलेला ब्राझील चौथा. हे पाहून ब्राझीलवर अन्याय झाला असं वाटू शकतं. पण कोरियाने ब्राझीलला सरळ सेटमध्ये हरवलं होतं, आणि चीन व तुर्कस्तानकडून हरताना दोन्ही वेळा पाचव्या सेटपर्यंत झुंज दिली होती. कोरियाची बाजूही पोकळ नाही. त्यामुळे नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याने शेवटच्या दिवशी एका संघाची किल्ली नको त्या संघाच्या खिशात टाकली, माझी तक्रार एवढीच आहे.

अमेरिकेने मॅच का सोडली नाही

यासाठी त्या आठवड्याची हवा लक्षात घ्यावी लागते. ३१ जुलैला वेम्बली अरीनामध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत चार जोड्या मुद्दाम हरायच्या प्रयत्नात होत्या: एक चीनची, दोन कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. बाद फेरीत हवा तो प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सर्व्हिस नेटमध्ये, फटके बाहेर. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि दुसऱ्या दिवशी चारही जोड्या स्पर्धेतून बाद झाल्या. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा गुणफरकावर गटातच अडकल्या होत्या. त्यांच्या गटात जपानी जोडी तैवानच्या जोडीकडून ज्या पद्धतीने हरली त्याबद्दल भारताने तक्रारही केली, ती फेटाळली गेली. त्याच काळात जपानच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध बरोबरीसाठीच खेळल्याचं उघड कबूल केलं, कारण त्यामुळे प्रवास टळणार होता.

चारच दिवसांनी अमेरिकेने तुर्कस्तानविरुद्ध ढिलाई दाखवली असती तर सगळे कॅमेरे अर्ल्स कोर्टकडे वळले असते. शिक्षा झाली असती की नाही कुणास ठाऊक. व्हॉलीबॉलमध्ये मुद्दाम हरणं सिद्ध करणं अवघड. राखीव खेळाडू उतरवले, तर ती विश्रांती. सर्व्हिस जोरात मारली आणि बाहेर गेली, तर ती जोखीम. पण डाग लागला असता.

व्हॉलीबॉलला असा डाग दोनच वर्षांपूर्वी लागलाही होता, आणि गंमत म्हणजे तो ब्राझीलच्याच नावावर. २०१० च्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत इटलीतल्या अँकोनामध्ये ब्राझील आणि बल्गेरिया दोघेही पुढच्या फेरीत गेलेले होते, आणि हरणाऱ्याला पुढचा गट सोपा मिळणार होता. ब्राझीलने नेहमीच्या सेटरशिवाय (मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा खेळाडू) मॅच काढली, ०-३ हरला, सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं. पुढे तोच संघ विश्वविजेता झाला. तिथेही दोष आधी स्पर्धेच्या आराखड्याचा आणि मग खेळाडूंचा, असंच माझं मत आहे. हरणाऱ्याला बक्षीस ठेवायचं आणि मग कुणी हरलं की नाकं मुरडायची, हे काही खरं नाही.

अमेरिकेचे प्रशिक्षक ह्यू मॅककचन न्यूझीलंडचे. बीजिंगमध्ये त्यांनी अमेरिकेच्या पुरुषांना सुवर्ण मिळवून दिलं होतं. त्यांच्या नजरेतून हिशोब मांडला तरी मॅच सोडण्यात शहाणपण नव्हतं. त्या दिवशी ब्राझील भीती वाटावी असा संघ नव्हताच. अमेरिकेने त्याला सहा दिवसांपूर्वी हरवलेलं, कोरियाने चेचलेलं. आणि चौथ्या नंबरावर आला तरी त्याची गाठ आधी रशियाशी पडणार होती, जो अ गटात एकही मॅच हरला नव्हता. अमेरिकेच्या वाटेत ब्राझील आलाच तर थेट फायनलमध्ये. इतक्या लांबच्या शक्यतेसाठी जिंकण्याची लय मोडायची, आणि ज्या मुलींनी ऑलिम्पिक सुवर्ण कधीच पाहिलेलं नाही त्यांना “आज हरा” म्हणायचं, हा सौदा कुठलाही शहाणा प्रशिक्षक करणार नाही. म्हणून मी म्हणतो, प्रामाणिकपणाला अर्धे गुण आणि साध्या व्यवहाराला अर्धे.

रशिया

मंगळवार, ७ ऑगस्ट. उपांत्यपूर्व फेरी. या प्रकरणातलं खरं सोनं या मॅचमध्ये आहे.

ब्राझीलच्या महिलांना रशियाचं नाव काढलं की पोटात गोळा येई, आणि ते उगाच नाही. २००४ मध्ये अथेन्सच्या उपांत्य फेरीत ब्राझील २-१ ने पुढे होता आणि चौथ्या सेटमध्ये २४-१९. फायनलला फक्त एक गुण हवा होता. तो मिळाला नाही. रशियाने तो सेट २८-२६ आणि पाचवा १६-१४ असा घेतला. २००६ आणि २०१० च्या जागतिक स्पर्धांच्या फायनलही ब्राझील रशियाकडून हरला, दोन्ही पाच सेटमध्ये. तिन्ही वेळा बाकावर गिमारायशच होते. आणि तिन्ही वेळा जाळीपलीकडे २.०२ मीटर उंचीची येकातेरिना गामोव्हा.

लंडनमध्येही तेच चिन्ह दिसू लागलं. पहिला सेट रशिया २६-२४. दुसरा ब्राझील २५-२२. तिसरा रशिया २५-१९. चौथा ब्राझील २५-२२. पाचवा सेट १५ चा, पण दोन गुणांचा फरक हवा, त्यामुळे १४-१४ नंतर कितीही लांबू शकतो.

रशियाला सहा मॅच पॉइंट मिळाले. सहा वेळा रशियाला फक्त एक चेंडू जमिनीवर पाडायचा होता. व्हॉलीबॉल न खेळलेल्यांसाठी सांगतो: अशा वेळी समोरच्या ब्लॉकला माहीत असतं की चेंडू कुणाकडे जाणार. दबावात सेटर सगळ्यात भरवशाच्या हाताकडेच देते. ब्राझीलची सेटर दानी लिन्स चेंडू शेइलाकडे देत राहिली, रशियाच्या उंच ब्लॉकर सरकून तिच्यासमोर उभ्या राहत राहिल्या, आणि शेइला तरीही मारत राहिली. कधी ब्लॉकच्या बोटांना लावून बाहेर, कधी जागा हेरून. त्या सहापैकी बहुतेक संकटं तिच्याच हाताने टळली. शेवटी २१-१९. ब्राझील उपांत्य फेरीत.

गुण आधी मोजणाऱ्या त्या नियमानेच ब्राझीलला चौथ्या नंबरावर ढकलून रशियासमोर उभं केलं होतं. मॅच आधी मोजल्या असत्या तर तिसरा नंबर मिळाला असता आणि अपराजित रशिया कोरियाच्या वाट्याला गेला असता. म्हणजे ब्राझीलला सगळ्यात अवघड रस्ता मिळाला. आणि मला वाटतं त्याच रस्त्याने तो संघ घडला. हे सिद्ध करता येणार नाही. पण २८ जुलै ते ३ ऑगस्टमधला ब्राझील आणि ७ ऑगस्टनंतरचा ब्राझील ज्यांनी पाहिला त्यांना दोन वेगळे संघ पाहिल्यासारखं वाटलं असेल.

उपांत्य फेरीत जपानला ३-०. फार काही सांगण्यासारखं नाही.

फायनल

११ ऑगस्ट. पहिला सेट अमेरिका २५-११. अंतिम सामन्यात ११ गुणांवर सेट जाणं म्हणजे धुव्वाच. अमेरिकेची डेस्टिनी हूकर आणि बाकीच्या मुली जिथून मारत होत्या तिथे चेंडू पडत होता. तेव्हा कुणी तुर्कस्तानच्या मॅचचं नाव काढलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

त्यानंतर २५-१७, २५-२०, २५-१७. तिन्ही सेट ब्राझीलचे. ब्राझीलचं सर्व्हिस घेणं सुधारलं, सेटरच्या हातात चेंडू नीट येऊ लागला, मग मधून फाबियाना आणि थाइसा मोकळ्या झाल्या आणि अमेरिकेच्या ब्लॉकला अंदाज येईना. अमेरिकेची जोरकस सर्व्हिस बोथट पडली.

मॅच संपल्यावर प्रश्न आलाच: हरला असतात तुर्कस्तानकडून, तर? पण हा प्रश्न निकाल माहीत झाल्यावर शहाणा दिसतो. ५ ऑगस्टला अमेरिकेकडे असलेल्या माहितीवर तिचा निर्णय बरोबर होता. ११ ऑगस्टच्या पराभवाने तो चुकीचा ठरत नाही. ब्राझीलऐवजी रशिया फायनलला आला असता तर अमेरिका जिंकलीच असती, हे तरी कुणी सांगावं?

नंतर

रिओत, २०१६ मध्ये, क्रम बदललेला होता: आधी जिंकलेल्या मॅच, मग गुण. गट मात्र सहा-सहाचेच आणि पुढे जाणारे चारच. तिथे चीन ब गटात पाचपैकी तीन मॅच हरून चौथा आला. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती अ गटात पाचही जिंकलेल्या यजमान ब्राझीलशी, माराकानाझिन्योमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर. चीन ३-२ जिंकला आणि लांग पिंगच्या मार्गदर्शनाखाली सुवर्णपदकापर्यंत गेला. चौथ्या नंबरच्या दारातून आत शिरून विजेता होणं यावेळी ब्राझीलच्या मुळावर आलं. लंडनमध्ये त्या दाराचा फायदा घेतलेल्या गिमारायशना त्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

अमेरिकेचं पहिलं सुवर्ण टोकियोत आलं, २०२१ मध्ये. फायनलला समोर ब्राझील, निकाल ३-०. प्रशिक्षक कार्च किराय, जे लंडनमध्ये मॅककचन यांचे सहायक होते. संघात जॉर्डन लार्सन आणि फोलुके अकिनराडेवो, दोघीही लंडनच्या संघातल्या. पलीकडे फर्नांडा गराय, आणि बाकावर पुन्हा गिमारायश.

पॅरिससाठी, २०२४ मध्ये, आराखडाच मोडला. चार-चारचे तीन गट, आणि १२ पैकी ८ पुढे. उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या सगळ्यांचा एकत्र क्रम लावून ठरल्या, त्यामुळे गटात पहिला आलेल्या संघालाही शेवटच्या मॅचमध्ये एकेका सेटची किंमत राहिली. लंडनमध्ये ५ ऑगस्टला अमेरिकेसमोर होती तशी निव्वळ बिनफायद्याची मॅच आता क्वचितच येईल. तिसऱ्या नंबरांची तुलना मात्र तीन वेगवेगळ्या गटांमधून होते, आणि सगळ्यांत शेवटी खेळणाऱ्या गटाला किती सेट पुरेसे आहेत हे मैदानात उतरण्याआधीच कळतं. ती खाच अजून उघडी आहे.